क्युप्रोस्क्लोडोव्स्काइट: वेगळं खनिज की स्क्लोडोव्स्काइटचाच तांबेवाला भाऊ?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही गफलत असेल तर लगेच सांगता येईल. तुम्ही मूळचे नाशिकचे, शाळेपासून खाणींवर हिंडून झिओलाइट (बेसाल्टाच्या पोकळ्यांत सापडणारी स्फटिकी खनिजं) गोळा करणारे, सध्या नोकरीसाठी जर्मनीत. म्युनिकच्या खनिज प्रदर्शनात अंगठ्याएवढा एक नमुना घेतलात. करड्या दगडावर गवती हिरव्या सुयांचे झुबके आहेत आणि लेबलवर ‘क्युप्रोस्क्लोडोव्स्काइट, मुसोनोई, काँगो’ असं लिहिलंय. मित्राच्या गायगर काउंटरवर तो जोरात टिकटिकतो, म्हणून मित्र म्हणतो अस्सल आहे. यूव्ही टॉर्चखाली मात्र ढिम्म चमकत नाही, म्हणून तुम्हाला शंका आली. पुढे तुम्ही विचारलंय, हे स्वतंत्र खनिज की स्क्लोडोव्स्काइटचा, म्हणजे मॅग्नेशियम असलेल्या युरेनियमच्या खनिजाचा, तांबं असलेला प्रकार? आणि सुट्टीत नाशिकला नेऊन झिओलाइटांच्या कपाटात ठेवलं तर चालेल का?

मी बरीच वर्षं खनिजांच्या प्रयोगशाळेत एक्स-रे विवर्तनाचं काम करते, म्हणजे स्फटिकावर एक्स-रे टाकून ते कसे विखुरतात त्यावरून आतली रचना ओळखते. लोक आणून देतात त्यातले पुष्कळ नमुने ‘लेबल बरोबर आहे का एवढं सांगा’ या वर्गातलेच असतात. माझ्या मते तुमचे सगळे प्रश्न एकाच जागी येऊन मिळतात: टिकटिक, रंग आणि चमक या तीन गोष्टी या खनिजाबद्दल नेमकं काय सांगतात आणि काय सांगत नाहीत.

टिकटिकीपासून सुरुवात करू. क्युप्रोस्क्लोडोव्स्काइटच्या एका रेणुसूत्रात एक तांबं, दोन युरेनिल (एका युरेनियमला दोन ऑक्सिजन जोडलेला गट), दोन सिलिकेट गट (प्रत्येकाला एक हायड्रोजन चिकटलेला) आणि पाण्याचे सहा रेणू असतात. अणुभारांची बेरीज होते 898 च्या आसपास आणि त्यात दोन युरेनियमचे 476. म्हणजे वजनाने साधारण 53 टक्के युरेनियम. आता त्याच भागात सापडणारं, तसंच हिरवं मेटाटॉर्बर्नाइट घ्या. ते तांब्या-युरेनियमचं फॉस्फेट. त्यात युरेनियम सुमारे 51 टक्के. या दोन आकड्यांतला फरक हातातल्या गायगर काउंटरला कळेल अशी आशाच सोडा. नमुन्यावर खनिजाचा थर किती जाड आहे, काउंटर किती जवळ धरला, त्याची खिडकी अभ्रकाची आहे की नळी नुसती धातूची, यांनी आकडा त्याहून कितीतरी जास्त बदलतो. केरळच्या किनाऱ्यावरची मोनाझाइटची वाळूसुद्धा टिकटिकते, आणि ती थोरियममुळे. तुमच्या मित्राचं यंत्र एवढंच सांगतंय की दगडात किरणोत्सारी काहीतरी भरपूर आहे. हिरवा रंग असलेलं साधं मॅलाकाइट, म्हणजे तांब्याचं कार्बोनेट, तुमच्या गळ्यात मारलेलं नाही, इतपत खात्री त्यातून मिळते. तीही काही कमी नाही.

इथे जरा रेंगाळते, कारण या टिकटिकीला इतिहास आहे. 1898 मध्ये मारी क्यूरी वेगवेगळी खनिजं मोजत होत्या, तेव्हा पिचब्लेंड (युरेनियमचं काळं, जड खनिज) आणि चॅल्कोलाइट ही दोन खनिजं त्यांच्यातल्या युरेनियमच्या मानाने फारच सक्रिय निघाली. चॅल्कोलाइट म्हणजे आजचं टॉर्बर्नाइट, तुमच्या नमुन्याच्या नात्यातलं तांब्या-युरेनियमचंच हिरवं खनिज. त्यांनी तेच संयुग प्रयोगशाळेत शुद्ध रसायनांपासून बनवलं आणि मोजलं. कृत्रिम चॅल्कोलाइट इतर युरेनियमच्या क्षारांइतकंच सक्रिय निघालं, त्याहून जास्त नाही. म्हणजे नैसर्गिक दगडात आणखी काहीतरी आहे. त्याच वर्षी पोलोनियम आणि रेडियम जाहीर झालं.

तुमच्या नमुन्यासाठी यातला कामाचा भाग असा. युरेनियम-238 चं अर्धायुष्य सुमारे 4.5 अब्ज वर्षं. त्याच्या क्षयातून जन्मणाऱ्या मूलद्रव्यांच्या पहिल्या दोन पिढ्या महिन्याभरात, फार तर काही महिन्यांत भरून येतात आणि काउंटरला जे जोरदार बीटा किरण मिळतात त्यातला मोठा वाटा त्यांचाच. पण पुढचं थोरियम-230 भरून यायला लाखो वर्षं लागतात, आणि रेडियम त्याच्याही नंतर. भूजलातून अलीकडे तयार झालेल्या युरेनिल खनिजात रेडियमचं प्रमाण जुन्या पिचब्लेंडपेक्षा कमी असू शकतं, म्हणजे गॅमा किरणही कमी. किती कमी, ते त्या स्फटिकाचं वय आणि पाण्यातून काय आलं-गेलं यावर अवलंबून आहे. त्यामुळे ‘माझा दगड अमुक सीपीएम (दर मिनिटाला इतक्या टिकटिकी) देतो, तुमचा किती?’ या चर्चांतून खनिज ओळखता येत नाही.

आता चमक. सगळी युरेनियमची खनिजं यूव्हीखाली पेटतात हा समज ऑट्युनाइटमुळे पसरला. ते खरोखरच पिवळ्या-हिरव्या रंगाने असं पेटतं की पाहणारा विसरत नाही. ही चमक येते युरेनिल आयनातून: एक युरेनियम आणि त्याच्या दोन बाजूंना सरळ रेषेत दोन ऑक्सिजन. यूव्ही प्रकाश शोषून तो हिरवट प्रकाश बाहेर टाकतो. पण शेजारी तांबं बसलं असेल तर ती ऊर्जा प्रकाश होण्याआधीच तांब्याकडे वळते आणि उष्णतेत जिरून जाते. ऑट्युनाइटमध्ये कॅल्शियम आहे, ते चमकतं. त्याच घराण्यातल्या टॉर्बर्नाइटमध्ये तांबं आहे, ते काळोखातच राहतं. तेव्हा तुमचा नमुना न चमकणं हे त्याच्या विरोधात जात नाही, उलट लेबलाशी जुळतं. तो लखलखला असता तर मी आधी विचारलं असतं की सुयांवर दुसरं काही चढलंय का. फक्त उलटा निष्कर्ष काढू नका: न चमकणारी हिरवी खनिजं ढीगभर आहेत.

इथवर हाती आलं ते एवढंच: तांबं आणि युरेनियम दोन्ही असलेलं काहीतरी. अजून सिलिकेट की फॉस्फेट, हेही ठरलेलं नाही.

मग स्वतंत्र खनिज की प्रकार? उत्तर स्पष्ट आहे: स्वतंत्र खनिज. पण का, हे कळायला युरेनियमच्या खनिजांची मांडणी कशी करतात ते पाहायला हवं, आणि त्यात तुमच्या डोळ्यांत भरलेल्या तांब्याचा नंबर सर्वांत शेवटी लागतो.

पहिली फाळणी युरेनियमच्या ऑक्सिडीभवनावर. चार संयुजेचं युरेनियम म्हणजे युरेनिनाइट, कॉफिनाइट अशी काळीकुट्ट, जड खनिजं, जिथे ऑक्सिजन पोचत नाही अशा खोलीत टिकणारी. सहा संयुजेचं युरेनियम म्हणजे युरेनिल, म्हणजे पिवळा-नारिंगी-हिरवा सगळा रंगोत्सव, खडकाच्या ऑक्सिजन आणि पाणी पोचलेल्या वरच्या भागात. दुसरी फाळणी युरेनिलबरोबर कोण आहे त्यावर: फॉस्फेट, आर्सेनेट, व्हॅनेडेट, कार्बोनेट, सल्फेट, नुसतं हायड्रॉक्साइड, की सिलिकेट. स्ट्रुंट्झच्या वर्गीकरणात युरेनिल असलेल्या सिलिकेटांना 9.एके हा कप्पा दिलाय. नऊ म्हणजे सिलिकेट, पुढचा ए म्हणजे सुटे चतुष्फलक (एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन) असलेली, आणि के म्हणजे युरेनिलवाली. तिसरी फाळणी युरेनियम आणि सिलिकॉन यांच्या गुणोत्तरावर. दोनास एक असेल तर सोडाइट. दोनास पाच असेल तर वीक्साइट, हेवीआइट. एकास एक असेल तर युरेनोफेनचा गट, आणि तुमचं खनिज याच गटातलं.

या गटाची गंमत त्याच्या थरांत आहे. युरेनिलच्या सरळ दांडीभोवती कमरेला पाच ऑक्सिजन बसतात. असे घटक एकमेकांच्या कडा वाटून घेत साखळ्या करतात आणि सिलिकॉनचे चतुष्फलक त्या साखळ्या शेजारी-शेजारी जोडून सपाट थर बनवतात. या थरांवर ऋण भार असतो, तो फेडायला थरांच्या मधे धातूचे आयन आणि पाणी येऊन बसतात. पोळ्यांच्या चळतीसारखं समजा: पोळ्या त्याच, मधे तूप कुठलं लावलं त्यावर नाव बदलतं. मधे कॅल्शियम आलं की युरेनोफेन, पोटॅशियम आलं की बोल्टवूडाइट, शिसं आलं की कॅसोलाइट, मॅग्नेशियम आलं की स्क्लोडोव्स्काइट, तांबं आलं की क्युप्रोस्क्लोडोव्स्काइट. शिवाय युरेनोफेनचे अल्फा आणि बीटा असे दोन अवतार आहेत. सूत्र एकच, पण थरातले चतुष्फलक वर-खाली कुठल्या क्रमाने तोंड करून बसलेत त्यात फरक. तुमच्या वाघोलीच्या कॅव्हन्साइट आणि पेंटागोनाइटचं नातं आठवा, तशीच ही जोडी.

स्क्लोडोव्स्काइट खनिजशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्कूप यांनी 1924 मध्ये बेल्जियन काँगोतल्या शिंकोलोब्वेच्या खाणीतून वर्णन केलं आणि मारी क्यूरींच्या माहेरच्या आडनावावरून नाव दिलं. (‘क्युराइट’ आधीच होतं, तेही स्कूप यांचंच, प्येर क्यूरींच्या नावाचं.) क्युप्रोस्क्लोडोव्स्काइट वाएस यांनी 1933 मध्ये त्याच कटांगा प्रदेशातल्या कालोंग्वे इथून आणलं. नाव वाचून वाटतं की मॅग्नेशियम काढलं आणि तांबं घातलं, बाकी जैसे थे. तसं नाही. स्क्लोडोव्स्काइट एकनत प्रणालीत स्फटिकतं, क्युप्रोस्क्लोडोव्स्काइट त्याहून कमी सममितीच्या त्रिनत प्रणालीत. मॅग्नेशियम आपल्याभोवतीचे सहा शेजारी जवळपास सारख्या अंतरावर ठेवतं. दोन संयुजेच्या तांब्याला ते जमत नाही. त्याचे इलेक्ट्रॉन असे मांडलेले असतात की चार शेजारी जवळ ओढले जातात आणि उरलेले दोन लांब ढकलले जातात. मधल्या जागेचा आकार असा तिरपा झाला की थर एकमेकांवर बसायची पद्धत बदलते आणि सममिती खाली येते. रासायनिक घटक वेगळा, रचनाही वेगळी. एवढं असल्यावर ‘प्रकार’ म्हणायला जागाच उरत नाही. नावातलं साम्य त्या काळच्या रासायनिक विश्लेषणातून आलंय. रचना नंतर उलगडली.

भौतिक गुणधर्म पुस्तकात मिळतील, तरी कामाचे तेवढे सांगते. रंग पिवळसर हिरव्यापासून पाचूसारख्या हिरव्यापर्यंत, सुया किंवा बारीक चपट्या काड्या केंद्रातून चौफेर फुटलेल्या, चमक रेशमी ते काचेसारखी. कठिनता 4, विशिष्ट गुरुत्व 3.85 च्या आसपास, अपवर्तनांक 1.65 ते 1.67 च्या दरम्यान. यातली कठिनता विसरा. केसाएवढ्या सुयांवर ओरखडा काढून पाहणाऱ्याच्या हाती फक्त सुयांचा भुगा येतो, आणि हा भुगा युरेनियमचा असतो. दगडासकट वजन करून विशिष्ट गुरुत्व काढण्यातही अर्थ नाही.

तुम्ही घरी करण्यासारखी गोष्ट एकच: दहापट भिंग आणि चांगला प्रकाश. डबीचं झाकण न उघडता, आरपार दिसत असेल तर. झुबक्याच्या कडेला, जिथे सुया विरळ होतात, तिथे पाहा. चौकोनी पातळ पत्रे एकावर एक रचलेले दिसले तर टॉर्बर्नाइट किंवा मेटाटॉर्बर्नाइटचा संशय घ्या. मखमलीसारखे गोल फुगवटे आणि आत रंगाचे पट्टे दिसले तर मॅलाकाइट, जे कटांगाच्या तांब्याच्या खाणींत पोत्याने मिळतं आणि अनेकदा याच दगडावर शेजारी बसलेलं असतं. काळपट हिरव्या, जाडसर वड्या दिसल्या तर व्हॅन्डेनब्रांडाइट, तेही तांबं-युरेनियमचंच, पण त्यात सिलिकॉन नाही. सुया टोकापर्यंत सरळ, पारदर्शक आणि एका बिंदूतून सुटलेल्या असतील तर लेबलाच्या बाजूने एक गुण. त्याच दगडावर पिवळे-नारिंगी कण दिसले तर ते कॅसोलाइट असू शकतं, मुसोनोईच्या नमुन्यांत ही सोबत नेहमीची आहे. हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून पाहायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. मॅलाकाइट फसफसतं हे खरं, पण दगडात कॅल्साइट असलं तर तेही फसफसतं, आणि क्युप्रोस्क्लोडोव्स्काइट आम्लात विरघळून सिलिकाचा चिकट गोळा मागे ठेवतं. म्हणजे नमुना गेला आणि उत्तरही नाही.

नक्की उत्तर प्रयोगशाळेतच. आमच्याकडे असा नमुना आला की सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने दोन-तीन काड्या अलगद सोडवायच्या, अल्कोहोलच्या थेंबात सिलिकॉनच्या पाटीवर पसरवायच्या आणि विवर्तन घ्यायचं. थरांमधल्या अंतराची पहिली मोठी रेषा क्युप्रोस्क्लोडोव्स्काइटमध्ये 8.2 अँगस्ट्रॉमच्या (अणूंमधली अंतरं मोजायचं एकक) जवळ येते, युरेनोफेनमध्ये 7.9 च्या, बोल्टवूडाइटमध्ये 6.8 च्या. हा एक आकडा निम्मं काम करतो, उरलेल्या रेषांनी शिक्कामोर्तब होतं. जोडीला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर मूलद्रव्यांची तपासणी केली की तांबं, युरेनियम, सिलिकॉन दिसतात आणि फॉस्फरस नाही याचीही खात्री पटते. नुसत्या या दुसऱ्या तपासणीवर मात्र माझा भरवसा नसतो. पोटॅशियमची रेषा युरेनियमच्या रेषांच्या खाली अगदी बेमालूम लपते, आर्सेनिकची एक रेषा मॅग्नेशियमला खेटून येते, आणि यंत्राचं सॉफ्टवेअर बेधडक नावं छापत जातं. मूलद्रव्यांची यादी मिळाली म्हणजे खनिज मिळालं नाही. कॅव्हन्साइट आणि पेंटागोनाइट अशा यादीवरून वेगळे करून दाखवा पाहू!

लेबलावरच्या ठिकाणाबद्दल थोडं. मुसोनोई हे नाव पटण्यासारखं आहे. कोल्वेझीजवळची ती तांबं-कोबाल्टची खाण, आणि या खनिजाचे उत्तम नमुने तिथूनच आले. खनिज बनायला जे लागतं ते तिथे एकत्र आहे: आधीचं युरेनिनाइट, तांब्याची सल्फाइडं, ती दोन्ही गंजवणारं ऑक्सिजनयुक्त पाणी आणि खडकातून विरघळून आलेला सिलिका. पाण्यात फॉस्फेट पुरेसं असतं तर त्याच मालमसाल्यातून टॉर्बर्नाइट झालं असतं. चेक प्रजासत्ताकातलं याखिमोव्ह आणि मोरोक्कोतलं अमेलाल इथूनही हे खनिज नोंदलं गेलंय. शिंकोलोब्वे लिहिलेली लेबलं मी जास्त संशयाने पाहते, कारण अणुबॉम्बच्या युरेनियमशी जोडलेलं ते नाव विकायला सोपं जातं. आपल्या दख्खनच्या बेसाल्टात मात्र असं काही शोधू नका. त्यात युरेनियम नगण्य आहे, म्हणूनच तुमचे झिओलाइट निर्धास्तपणे उशाशी ठेवता येतात.

या गटाला संग्राहकांच्या कपाटापलीकडेही गिऱ्हाईक आहे. अणुभट्टीतून निघालेलं वापरलेलं इंधन म्हणजे बहुतांशी युरेनियम डायऑक्साइड, युरेनिनाइटचाच कृत्रिम भाऊ. ते जमिनीत पुरलं आणि कधी काळी सिलिकायुक्त पाणी लागलं तर त्याचं काय होईल, याचं उत्तर निसर्गाने शिंकोलोब्वेसारख्या ठिकाणी आधीच लिहून ठेवलंय: आधी स्कूपाइटसारखी हायड्रॉक्साइडं, मग हळूहळू सोडाइट आणि युरेनोफेनसारखी सिलिकेटं. त्यामुळे कुतूहलापोटी नोंदलेल्या या खनिजांच्या रचना आज अणुकचऱ्यावर काम करणारे लोक बारकाईने वाचतात.

आता घरात ठेवण्याचा प्रश्न. एवढ्याशा नमुन्यापासून बाहेरून मिळणारा किरणोत्सर्ग अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो. काउंटर दगडाला टेकवून मायक्रोसीव्हर्टचा (किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) जो आकडा दिसतो तो घाबरवणारा असतो, पण स्वस्त काउंटर सीझियमच्या गॅमावर जुळवलेले असतात आणि बीटा मोजून आकडा फुगवतात. मधे जाड ॲक्रिलिकची पाटी धरून पुन्हा मोजायला सांगा मित्राला, आकडा धाडकन खाली येईल. मला जास्त काळजी धुळीची आणि रेडॉनची, म्हणजे रेडियमपासून तयार होणाऱ्या किरणोत्सारी वायूची, वाटते. सुया ठिसूळ आहेत, ब्रशने झटकल्या किंवा पाण्याखाली धरल्या की तुटतात, आणि श्वासातून गेलेला युरेनियमचा कण बाहेरच्या कुठल्याही किरणापेक्षा वाईट. म्हणून नमुना ॲक्रिलिकच्या डबीत पक्का चिकटवलेला असावा, हाताळल्यावर हात धुवावेत, निजायच्या आणि स्वयंपाकाच्या खोलीत ठेवू नये, मुलांच्या हाती लागू नये, आणि बंद कपाट उघडताना आधी खिडकी उघडावी. किती रेडॉन साठेल हे रेडियमवर, म्हणजे पुन्हा वयावर आणि नमुन्याच्या आकारावर अवलंबून आहे. एक छोटा नमुना आणि हवेशीर खोली असेल तर मी निश्चिंत असते. असे वीस नमुने एका कपाटात असतील तर नसते.

नाशिकला आणण्याबद्दल मात्र माझं उत्तर ‘नको’ असं आहे. भारतात युरेनियम आणि त्याची खनिजं अणुऊर्जा विभागाच्या नियंत्रणाखाली येतात. परदेशातून परवानगीशिवाय आणणं म्हणजे विमानतळावर नसती आफत ओढवून घेणं, शिवाय किरणोत्सारी वस्तूंबाबत विमान कंपन्यांचे नियम वेगळे. आणायचंच असेल तर आधी मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत वाट पाहा. जर्मनीत ठेवायलाही किती चालतं हे तिथल्या किरणोत्सर्ग-संरक्षण कार्यालयाकडून समजून घ्या. नाशिकच्या कपाटासाठी नमुन्याचा मोठा छापील फोटो लावा, झिओलाइटांच्या रांगेत तो छान दिसेल.

तपासणीसाठी तिथल्याच एखाद्या विद्यापीठाच्या खनिजशास्त्र विभागाला आधी ईमेल करा, दगड थेट पोस्टाने धाडू नका. दोन-तीन सुया पुरेशा असतात आणि हे काम करणारी माणसं अशा नमुन्यांना बहुधा नाही म्हणत नाहीत. निकाल वेगळा आला, समजा मेटाटॉर्बर्नाइट निघालं, तरी जुनं लेबल फेकू नका. त्याच्या खाली नवं चिकटवा: कुठल्या पद्धतीने, कुठे, कोणत्या वर्षी तपासलं ते लिहून. आणि भिंगातून कडेचा फोटो काढता आला तर इथे टाका, सुया की पत्रे एवढं तरी आपण मिळून पाहू.